निम्मी गाडी

"नंबर जुळत नाही, काका."

इन्स्पेक्टर गाडीच्या हँडलपाशी उकिडवा बसला होता. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने त्याने हँडलखालच्या नळीवरचा मळ पुसून काढला होता आणि मोबाइलच्या उजेडात तिथे ठोकलेले आकडे तो एकेक करून वाचत होता. उत्तम निवाते आरसी बुक धरून शेजारी उभा होता. गाडीला पंधरा वर्षं झाली होती. पुढे चालवायची तर तपासणी करून नोंदणी वाढवून घेणं भाग होतं. म्हणून आदल्या दिवशी त्याने गाडी धुतली, चेन साफ केली, आणि आज इस्त्रीचा शर्ट घालून तो सकाळीच आरटीओच्या मैदानात रांगेला लागला होता.

"गंजलाय जरा, साहेब," उत्तम म्हणाला. "तिनाचा आठ दिसत असेल."

"एखादा आकडा नाही हो. शेवटचे सहाच्या सहा वेगळे आहेत." इन्स्पेक्टरने गुडघ्यावर हात टेकून उठत पुस्तक पुन्हा पाहिलं. "इंजिनचा नंबर बरोबर आहे. म्हणजे इंजिन तुमचं. चेसिस तुमची नाही."

"चेसिस म्हणजे..."

"हा सांगाडा. ज्याच्यावर बाकी सगळं बसवतात तो. कागदाच्या हिशोबाने चेसिस म्हणजेच गाडी."

उत्तमला आधी हसू आलं. मग त्याने गाडीकडे पाहिलं. काळी, टाकीवर लाल पट्टा, शंभर सीसीची साधी गाडी. नंबर प्लेट त्याचीच. डाव्या आरशाला त्यानेच गुंडाळलेली काळी चिकटपट्टी.

इन्स्पेक्टर वयाने लहान होता आणि स्वभावाने बरा असावा. त्याने मोबाइलवर काहीतरी घालून बघितलं. "हा सांगाडा मोरेश्वर तरे नावाच्या माणसाचा आहे. मोठागाव, डोंबिवली पश्चिम. ओळखता?"

"नाही."

"गाडी कधी चोरीला गेलेली? परत मिळालेली?"

"नाही हो. पंधरा वर्षांत एक रात्र दुसरीकडे नव्हती." असं म्हटलं आणि उत्तम थांबला. "पुरात गेलेली. म्हणजे गेली नव्हती, बुडालेली. वीस दिवस गॅरेजला होती."

"मग तिथे विचारा," इन्स्पेक्टर म्हणाला. "आज मी हिला पास करू शकत नाही. त्या माणसाला शोधा, सांगाडे अदलाबदल करून घ्या आणि परत या. पुढचा कोण आहे?"

उत्तमने गाडी ढकलत मैदानाबाहेर आणली. सुरू करावी की नाही, तेच त्याला कळेना.

छप्पन्न वर्षांचा हा माणूस मोहन्याला राहायचा. बाप तिथल्या जुन्या कारखान्यात कामाला होता. उत्तम मात्र कल्याणच्या एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचा. पहाटे साडेपाचला निघायचं, टिटवाळ्यापासून शहाडपर्यंत उपाशी पोटी वाट बघत बसलेल्या माणसांच्या दंडाला रबर बांधायचं, त्यांना गप्पांत गुंतवून सुई टोचायची आणि दहाच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. नळीवर नावाची चिठ्ठी लावल्याशिवाय तो रुग्णासमोरून उठत नसे. बावीस वर्षांत एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. तो कसली बढाई मारत असेल तर ही एकच.

गाडी घेतली तेव्हा रतन होती. रतन म्हणजे त्याची बायको, अंगाने बारीक आणि उंचीने फार बुटकी. मागे एका बाजूला पाय सोडून बसली की तिचे पाय कंपनीच्या पायरीपर्यंत पोचत नसत. चतुर्थीला टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन येईपर्यंत तिच्या मांड्या भरून यायच्या. तेव्हा उत्तमने गल्लीतल्या रघु मेकॅनिककडून सांगाड्याला वीतभर वर एक जास्तीची लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली. रतन त्या दिवशी गाडीवर बसली, पाय टेकले आणि म्हणाली, "आता कुठेपण न्या."

सात वर्षं ती त्या पायरीवर पाय ठेवून हिंडली. मग पोटाच्या दुखण्याने गेली. लेक संचिता लग्न करून ठाण्याला, वर्तकनगरला. घरात उरला उत्तम, आणि दारात गाडी. इतरांनी नव्या गाड्या घेतल्या. उत्तमने या गाडीचे टायर बदलले, क्लच प्लेटा बदलल्या, वायरिंग बदललं, सीट दोनदा भरून घेतली. संचिता म्हणायची, बाबा, आता स्कूटर घ्या, बटण दाबलं की सुरू. तो म्हणायचा, तुझी आई बसलेली गाडी आहे ती.

रतन गेल्यावर दोन वर्षांनी नदीचं पाणी मोहन्यात शिरलं आणि गाडी दोन दिवस पाण्याखाली राहिली. रघुने ती पुन्हा उभी करून दिली तेव्हा उत्तमला तीन गोष्टी वेगळ्या वाटल्या. रतनची पायरी नव्हती. पुढे एकदा विचारलं तेव्हा रघु म्हणाला, गंजून गळाली. दुसरं, गाडी आधी किंचित डावीकडे ओढायची, ती आता सरळ चालू लागली होती. पुराने तिची खोड मोडली, असं उत्तम सगळ्यांना कौतुकाने सांगे. आणि तिसरं म्हणजे गाडी उन्हात तापली की तिला मासळीचा वास यायचा. पुराचं पाणी, दुसरं काय, असं म्हणून त्याने तोही सोडून दिला होता.

मैदानाबाहेर उभा राहून त्याने संचिताला फोन लावला.

"म्हणजे चोरीची आहे का?" तिने विचारलं.

"नाही गं. इंजिन आपलं आहे."

"मग?"

"बाकीची दुसऱ्याची आहे."

"बाबा, तुम्ही काय बोलताय मला कळत नाहीये."

"मलाही," उत्तम म्हणाला.

शेवटी तो त्याच गाडीवर बसून मोहन्याला आला, पण वाटभर परक्याच्या घरातल्या पलंगावर बसल्यासारखा अवघडून. सरळ रघुच्या गॅरेजसमोर येऊन उतरला. रघु साठीला आलेला, एकट्याने गॅरेज चालवणारा माणूस. एका स्कूटरचं चाक मांडीवर घेऊन बसला होता.

"रघु, माझी गाडी कुठाय?"

रघुने त्याच्याकडे पाहिलं, मग तो उतरला त्या गाडीकडे पाहिलं. "ही काय भाऊ."

"ही नाही."

रघुने हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"पासिंगला नेलेली काय?"

"हो."

"बसा," रघु म्हणाला. "त्या आठवड्यात सदतीस गाड्या होत्या माझ्याकडे. तुमच्यासारख्या काळ्याच नऊ. इंजिनं खोलून तिकडे ताडपत्रीवर ठेवलेली, सांगाडे या भिंतीला. सांगाड्यांवर खडूने नंबर घातलेले. चिखल काढायला पाइप मारला, खडू धुऊन गेला. मग अंदाजाने बसवले. तुमचं इंजिन, तुमची टाकी, तुमची प्लेट, सगळं तुमचंच. खालचा सांगाडा तेवढा त्या माणसाचा लागला. आणि तुमचा त्याच्याकडे."

"कळलं कधी तुला?"

"महिन्याभरात. मोरू तरे म्हणून होता, मोठागावचा कोळी. आपल्या बाजारात मासळी घेऊन यायचा. तो आला आणि म्हणाला, ही मधेच पायरी कसली लावलीस, नडगीला लागते. बघितलं तर माझंच वेल्डिंग."

रघु खालच्या आवाजात बोलत राहिला.

"तोवर तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलेले, रघुने गाडी कशी नव्यासारखी केली. म्हटलं आज सांगतो, उद्या सांगतो. आणि एक दिवस तुम्हीच विचारलंत, पायरी कुठाय. तोंडातून निघून गेलं, गळाली म्हणून. एकदा बोललो ना भाऊ, मग परत फिरवता नाही आलं. वहिनींची होती ना ती."

आता चिडायला हवं, असं उत्तमला वाटलं. पण राग कुठून सुरू करायचा, ते सापडेना. पाच वर्षं दर दसऱ्याला त्याने या गाडीला हार घातला होता आणि मागच्या सीटवर रतनसाठी झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. सकाळी किक मारण्याआधी टाकीवर हात ठेवून तो मनात तिच्याशी दोन शब्द बोलायचा. ते कुणाला पोचत होतं? टाकी तर त्याचीच होती म्हणे.

"म्हणजे निम्मी माझी, निम्मी त्याची," तो म्हणाला.

"निम्मी असंपण नाय सांगता येणार," रघु म्हणाला. "सीट, टायर, चेन, वायरिंग, किती वेळा तर मीच बदललंय."

रविवारी उत्तम मोठागावला गेला. खाडीच्या बाजूला उतरणारी गल्ली, दारांपुढे पसरलेली जाळी, मधूनच वर आलेली एखादी नवी इमारत. मोरू तरेचं घर विचारल्यावर एका म्हाताऱ्याने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बोट दाखवलं. अंगणात पंचावन्न एक वर्षांची उंच, धिप्पाड बाई प्लास्टिकच्या कागदावर जवळा वाळत घालत होती.

"मोरू तरे इथेच राहतात का?"

"राहायचा," ती म्हणाली. "जेला. चार वर्सं झाली, करोनान. मी त्याची बायको, शेवंती. तुमी कोन?"

उत्तमने सांगायला सुरुवात केली. पूर, रघु, खडू, इंजिन, सांगाडा. सांगता सांगता तो स्वतःच अडखळला. तुमची गाडी म्हणताना माझी म्हणाला, माझी म्हणताना तुमची. शेवंतीने दोन वेळा ऐकून घेतलं आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "दिपिका, बाहेर ये गो. हे काय बोलतान ते मना नाय समजत."

पंचविशीची मुलगी ओले केस पुसत बाहेर आली. तिला एकदाच सांगावं लागलं. "एक मिनिट, काका," ती म्हणाली आणि पडवीतून गाडी बाहेर काढून घेऊन आली. काळी, लाल पट्ट्याची. दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

उत्तम खाली बसला. पायरी तिथेच होती. गंजलेली नव्हती, गळालेली तर नव्हतीच. मधला रंग उडून आतलं लोखंड पायांनी घासून घासून चकचकीत झालं होतं. इतकी ती रतनच्या वेळी कधी झाली नव्हती.

"आईला सकाळी मीच मार्केटला सोडते," दिपिका म्हणाली. "तिचा गुडघा गेलाय ना. पाय खाली सोडला की ओढ लागते. ही पायरी आहे म्हणून बसता येतं."

"मोरूचे नडगीला रोज लागायची," शेवंती म्हणाली. "शिव्या द्यायचा. मी बोलली, कापून टाक. तर नाय कापली. बोलला, कोनीतरी कोनासाठी लावलीय, राहू दे."

"म्हणजे त्यांना माहीत होतं? गाडी दुसऱ्याची आहे म्हणून?"

"ठावं व्हतं का नाय, मना काय ठावं? मी कदी इचारलंच नाय." ती आता उत्तमच्या गाडीभोवती फिरत होती. "सीट काढता येतं का हिचं?"

दिपिकाने पान्याने सीट उचकटली. खालच्या सांगाड्याला निळा जाड रंग फासलेला होता. तो उत्तमने कितीदा तरी पाहिला होता आणि रघुने गंज लागू नये म्हणून काहीतरी लावलंय, असं समजला होता.

"होरीचा रंग," शेवंती म्हणाली, म्हणजे मासेमारीच्या होडीचा. "आमचे होरीला लावून उरलेला. खारे पान्यान गारी सडल म्हनून त्याने हिला पन लावला. दोन दिवस माझे अंगनान बसून." तिने त्या निळ्या लोखंडावर पंजा ठेवला आणि तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पाच वर्सं तुमी हिला सांभाळली ना नीट?"

"ऑइल वेळच्या वेळी बदललं," उत्तम म्हणाला. एवढंच बरोबर नाही, असं वाटून त्याने पुढे जोडलं, "दसऱ्याला हार घातला. दरवर्षी."

शेवंतीने मान डोलावली. "आमी पन घातला."

चहा झाला. दिपिकाने कागद काढले. त्यांच्या गाडीची पंधरा वर्षं पुढच्या साली भरत होती, म्हणजे तेव्हा त्यांचंही अडलंच असतं. रघुकडे दोन्ही गाड्या न्यायच्या आणि ज्याचा सांगाडा त्याला द्यायचा, असं ठरलं. ठरवताना कुणाला फार बरं वाटल्याचं दिसलं नाही. आपली गाडी सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, असं उत्तम परतताना स्वतःला सांगत राहिला. आणि ज्या गाडीवरून तो परतत होता तिचा निरोप घ्यायला हवा होता का, तेही त्याला ठरवता आलं नाही.

बुधवारी सकाळी लॅबचं काम उरकून तो गॅरेजवर आला. मायलेकी आधीच येऊन बसल्या होत्या. रघुने दुसरं कुठलंच काम घेतलं नव्हतं. त्याने दोन्ही इंजिनं उतरवली, टाक्या काढल्या, चाकं काढली. दुपारी बाराच्या सुमाराला दोन उघडे सांगाडे गोणपाटावर शेजारी शेजारी पडले होते. एकाला पायरी, दुसऱ्याला निळा रंग. एवढं सोडलं तर कुठला कुणाचा, हे जन्मात कळलं नसतं. या वेळी रघुने खडू वापरला नाही. दोऱ्याने पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि प्रत्येक चिठ्ठी उत्तमकडून वाचून घेतली.

निळा सांगाडा उचलून स्टँडवर ठेवला तेव्हा शेवंती खोक्यावरून उठली, जवळ गेली, कंपनीच्या खालच्या पायरीकडे बघितलं आणि परत येऊन बसली. गुडघा चोळत राहिली.

उत्तमने ते पाहिलं.

"रघु, ती वरची पायरी काप," तो म्हणाला. "तिकडे लाव."

रघुचा हात थांबला. "भाऊ, वहिनींची..."

"काप म्हटलं ना."

"नको," शेवंती म्हणाली. "तुमचे बायकोची हाय. मी रिक्षान जाईन."

"तिचे पाय पोचत नव्हते म्हणून लावलेली," उत्तम म्हणाला. "आता तुमचे..." पुढचं वाक्य त्याला जुळवता येईना. आपण मोठं काही देतोय की नुसतीच एक पट्टी हलवतोय, हेही त्याला नीट कळत नव्हतं. "तुमचा गुडघा आहे ना," एवढंच तो म्हणाला.

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या तेव्हा सगळ्यांनी तोंडं फिरवली. पायरी निळ्या सांगाड्याला जोडली गेली आणि रघुने तिच्यावर पाणी मारलं. उत्तमच्या सांगाड्यावर ती होती तिथे दोन बोटांएवढी उघडी, पांढरी जागा राहिली. रघुने त्यावर काळा रंग लावला. जरा जास्तच लावला.

चार वाजता दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. दिपिकाने किक मारली. शेवंती मागे बसली, पाय चाचपत पायरीवर ठेवला, मग दुसरा ठेवला. "येतो आमी," ती म्हणाली. थोडी पुढे गेल्यावर तिने दिपिकाला थांबायला लावलं आणि मागे वळून सांगितलं, "येवा कदी मोठागावला. जेवाया." मग त्या गेल्या.

पुढच्या सोमवारी उत्तम पुन्हा मैदानात गेला. तोच इन्स्पेक्टर होता. त्याने फडकं मारलं, आकडे वाचले, पुस्तकात पाहिले. "जुळला," तो म्हणाला आणि सही केली. "बघा, आता गाडी तुमची झाली."

उत्तमने मान हलवली आणि तो मोहन्याच्या रस्त्याला लागला. गाडी डावीकडे ओढत होती. ही त्याचीच गाडी, त्याला अंगोअंग माहीत असलेली. पण पाच वर्षं सरळ चालणाऱ्या गाडीची सवय झाल्यामुळे हात सारखा चुकत होता. आपली गाडी आपल्यालाच परकी वाटावी, याला काय म्हणायचं, ते त्याला सुचलं नाही.

शहाडच्या अलीकडे एक उंच स्पीडब्रेकर लागतो. तिथे आल्यावर उत्तमने काही ठरवायच्या आत गाडी पहिल्या गिअरवर आली. त्याने दोन्ही पाय जमिनीला टेकवले. आधी पुढचं चाक चढवून अलगद उतरवलं, मग तेवढ्याच हळू मागचं. शेवटच्या वर्षात रतनला धक्का सोसत नसे, तेव्हा तो इथून असाच जायचा. मधल्या पाच वर्षांत आपण हा स्पीडब्रेकर कधी असा घेतल्याचं त्याला आठवेना.

मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मागचं चाक अजून पुरतं उतरलं नव्हतं. उत्तमने मागे न बघता उजवा हात वर केला आणि त्याला जरा थांबायला सांगितलं.